किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग आता हे नवीन काय दुखतंय?

ऑपरेशनला साडेतीन महिने झाले होते. रात्री दीडच्या सुमारास कूस बदलताना बायको "आई गं" म्हणाली आणि मी टक्क जागा झालो. तिची डावी किडनी काढलीय, आठ सेंटिमीटरची गाठ होती, बाराव्या बरगडीच्या खालून मोठा छेद घेऊन ओपन ऑपरेशन झालं. इतके दिवस टाक्यांच्या पुढचा भाग बधिर होता, चिमटा काढला तरी कळायचं नाही, आणि आता म्हणे तिथेच करंट बसल्यासारखं होतंय. ती पाच मिनिटांत झोपली पण. मी मोबाइल घेऊन चार वाजेपर्यंत वाचत बसलो, आणि जितकं वाचलं तितका घाम फुटला, कारण रात्री दीड वाजता माणूस जे शोधतो ते सगळं वाईटच सापडतं.

बावीस वर्षं मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतोय, किडनी आणि नेफ्रॉनची, म्हणजे तिच्यातल्या बारीक गाळणीची, आकृती डोळे मिटून काढेन, पण घरात पेशंट असला की पुस्तकातलं काही आठवत नाही. म्हणून त्या चार महिन्यांत जे जे विचारून, वाचून, बघून समजलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून तपासणी टाळू नका. पण शरीर आतून काय करत असतं हे माहीत असलं की निदान घाबरायचं कशाला आणि धावायचं कशाला, हे थोडं वेगळं करता येतं.

आधी त्या करंटचं सांगतो. किडनी पाठीमागे बरगड्यांच्या आडोशाला असते, तिथे कुशीतून पोचायचं तर स्नायूंचे तीन थर कापावे लागतात, आणि त्याच थरांमधून अकराव्या-बाराव्या बरगडीखालच्या नर्व्ह पुढे ओटीपोटाकडे जातात. सर्जन कितीही जपून काम करत असला तरी छेद ताणून धरताना या नर्व्ह खेचल्या जातात, दबतात, कधी एखादा बारीक फाटा तुटतोही. मग तिथली कातडी बधिर होते. पण नर्व्हचं बाहेरचं आवरण शाबूत असेल तर आतला तंतू त्या नळीतून परत वाढायला लागतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. आणि हा वाढणारा कोवळा शेंडा फार हळवा असतो, साडीची निरी लागली, बोट लागलं तरी झिणझिणी येते.

हे कुणी शोधलं याची गोष्ट मला फार आवडली. १९१५ साल, पहिलं महायुद्ध चालू, हाता-पायाच्या नर्व्हला गोळ्या लागलेले सैनिक रोज येतायत. फ्रान्समध्ये ज्यूल टिनेल आणि जर्मनीत पॉल हॉफमन, दोघं एकमेकांच्या शत्रुदेशांत बसून त्याच वर्षी तेच लिहितात: जखमी नर्व्हवर बोटाने टकटक केली आणि पुढे झिणझिण्या गेल्या तर समजा तंतू तिथपर्यंत वाढत आलाय. आज त्याला टिनेलची खूण म्हणतात. आमच्या सर्जननी पुढच्या व्हिजिटला बायकोच्या कुशीवर बोटाने हेच केलं आणि म्हणाले, "वहिनी, हे चांगलं चाललंय." म्हणजे जे लक्षण बघून मी रात्रभर जागलो ते बरं होत असल्याचं होतं! नवीन लक्षण म्हणजे नवीन आजार, हे समीकरण माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की दुसरी काही शक्यता असू शकते हे सुचलंच नाही.

त्याच नर्व्हमुळे अजून एक गोष्ट होते आणि ती बघून बऱ्याच घरात रडारड होते, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूची कूस फुगते. उभं राहिलं की डावीकडे पोट बाहेर आल्यासारखं दिसतं, माणसाला वाटतं आत गाठ आली. बहुतेक वेळा काय झालेलं असतं, तर नर्व्ह कमजोर झाल्यामुळे तिथला स्नायू सैल पडतो आणि आतलं पोट त्या सैल भिंतीला बाहेर ढकलतं. यात भोक नसतं. कधीकधी खरंच हर्निया असू शकतो, तो हाताने किंवा सीटीत कळतो, त्यामुळे दाखवायचं नक्की, पण त्या रात्रीच कॅज्युअल्टीत पळायचं कारण नसतं. ज्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं त्यांना पहिल्या काही दिवसांत खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, डायफ्रामची (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची) आणि खांद्याची नर्व्ह मानेतल्या एकाच भागातून निघतात म्हणून मेंदूचा पत्ता चुकतो. तो आपोआप जातो.

आता रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन. आमच्याकडे सगळ्यात जास्त रडू या एका आकड्याने आणलं. ऑपरेशनच्या आधी ०.८ होतं, नंतर १.२ आलं, रिपोर्टवर ठळक अक्षरात आणि पुढे एच, म्हणजे हाय. मेहुण्याने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत तीन नातेवाईकांचे डायलिसिसची चौकशी करणारे फोन.

शांतपणे बघितलं तर हिशोब सोपा आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. गाळायची ताकद अर्धी झाली तर रक्तातला आकडा ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे एक किडनी गेल्यावर ०.८ चं १.६ व्हायला हवं होतं. झालं १.२. आठ भागिले बारा, म्हणजे दोन तृतीयांश. दोनपैकी एक किडनी गेली आणि ताकद मात्र दोन तृतीयांश उरली, मधला फरक कुठून आला? उरलेल्या किडनीने भरून काढला. दोन किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात, एका किडनीत अंदाजे दहा लाख नेफ्रॉन असतात, आणि नवीन नेफ्रॉन जन्मानंतर तयार होत नाहीत, पण असलेला प्रत्येक नेफ्रॉन मोठा होतो, त्याच्याकडे रक्त जास्त येतं, तो जास्त गाळतो. हे काम ऑपरेशननंतर लगेच सुरू होतं, आपण टाक्यांकडे बघत बसलेलो असतो तेव्हाच. निरोगी किडनीदात्यांमध्येही साधारण हेच प्रमाण दिसतं. वय जास्त असेल, शुगर-बीपी असेल तर थोडं कमी भरून निघतं.

म्हणून एक आकडा बघायचाच नाही, रांग बघायची. १.२, १.२, १.१ ही रांग म्हणजे किडनी स्थिरावली. १.२, १.५, १.९ अशी चढत गेली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

माणूस एका किडनीवर जगेल का हा प्रश्न एके काळी डॉक्टरांनाही होता. १८६९ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमॉन या सर्जननी आधी कुत्र्यांची एक एक किडनी काढून बघितली, ती जगली, मग २ ऑगस्टला एका बाईची किडनी काढली आणि ती बरी होऊन घरी गेली. तिला कॅन्सर नव्हता, युरेटरला, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीला, झालेल्या जखमेतून लघवी सतत गळत होती. आज आपल्याला "एक किडनी पुरते" इतकं सहज सांगितलं जातं ते तिथून सुरू झालं.

पण एकटी किडनी आधीच जास्त काम करतेय, त्यामुळे तिला जपायचं एक अगदी घरगुती काम आहे, आणि ते म्हणजे दुखणं थांबवायच्या काही गोळ्या टाळणं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ज्या आपल्या प्रत्येकाच्या कपाटात असतात आणि शेजारच्या काकू "घे एक, काही होत नाही" म्हणून देतात. किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन लागतं आणि या गोळ्या नेमकं तेच बंद करतात. पाणी कमी पडलेलं असेल, उन्हाळा असेल, जुलाब झाले असतील तर नुकसान अजून पटकन होतं. आम्ही कपाटातून त्या काढूनच टाकल्या. ताप-अंगदुखीला काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेतलं, आणि काढे-भस्मंसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

आता जिथे खरंच थांबायचं नसतं ते. पहिल्या काही आठवड्यांत ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, जखम लाल होऊन वाहायला लागली, तर फोन लावायचा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, किंवा अचानक दम लागला, छातीत टोचलं, तर हॉस्पिटल, कारण कॅन्सर आणि मोठं ऑपरेशन दोन्हीमुळे रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. ज्यांची किडनी ठेवून फक्त गाठ काढलीय त्यांच्यात घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा लघवीत लालभडक रक्त येऊ शकतं, शिवलेल्या भागातली धमनी फुगून फुटते म्हणून, आणि ते लगेच थांबवता येतं, पण वेळेत पोचायला हवं. एकच किडनी असलेल्या माणसाची लघवी पूर्ण बंद झाली तर ती इमर्जन्सी, कारण एखादा खडा अडकला तर दुसऱ्या बाजूचा पर्यायच नाही.

आणि पुढच्या महिन्यांत, वर्षांत: पाठीचं किंवा हाडाचं दुखणं जे आडवं झालं तरी थांबत नाही, रात्री वाढतं आणि आठवड्यागणिक चढतंच जातं. तीन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, थुंकीत रक्त. कारण नसताना उतरत चाललेलं वजन. नवीन डोकेदुखी आणि सोबत उलट्या, फिट. दोन्ही पायातली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर मणक्यात नर्व्ह दबत असू शकते, तिथे तासांना किंमत असते, उद्या सकाळी बघू असं म्हणायचं नाही. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध) चालू असेल किंवा होऊन गेली असेल तर जुलाब, पुरळ, धाप, खूप थकवा हे औषधामुळेही होतं, कधी डोस संपल्यावर काही महिन्यांनीही, त्यामुळे जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी त्या औषधाचं नाव पहिलं सांगा.

किडनीचा कॅन्सर रक्तातून पसरतो, सगळ्यात जास्त फुप्फुसात, मग हाडं, लिव्हर, मेंदू, आणि कधी दहा वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून फॉलोअप लांबलचक असतो. पण फुप्फुसातली बारीक गाठ बहुतेक वेळा खोकला यायच्या आधीच सीटीत दिसते. म्हणजे पहारा द्यायचं मुख्य काम ठरलेल्या तारखेच्या स्कॅनचं आहे. हे मला उशिरा कळलं, तोपर्यंत मी स्वतःलाच स्कॅनर समजून तिच्या प्रत्येक खोकल्याला कान देत होतो.

आणि याचा परिणाम काय झाला ते सांगायलाच हवं. मी दिवसातून दहा वेळा "दुखतंय का" विचारायचो. माणसाचं लक्ष शरीराच्या एखाद्या जागेवर सतत नेलं की तिथल्या साध्या संवेदनाही मोठ्या वाटायला लागतात, मेंदू धोका धरून चालतो आणि त्यानुसार आवाज वाढवतो. तिचं दुखणं माझ्या विचारण्याने वाढत होतं. मग तिने सांगणंच बंद केलं. उजवी बाजू पंधरा दिवस दुखत होती, मला पत्ता नाही, का तर "तुम्ही रात्रभर झोपत नाही, कशाला सांगू." मीसुद्धा माझी भीती तिच्यापासून लपवत होतो. असं बऱ्याच जोडप्यांत होतं, एकमेकांना जपायच्या नादात दोघंही गप्प, आणि डॉक्टरसमोर बसल्यावर नक्की कधीपासून, किती, हे दोघांनाही सांगता येत नाही. कॅन्सर परत येण्याची भीती सोबतच्या माणसाला पेशंटइतकीच, कधी त्याहून जास्त असते, असं अभ्यासांत दिसलंय. उजव्या बाजूचं दुखणं स्नायूचं निघालं, डावी बाजू सांभाळायला ती चार महिने वाकडी चालत होती. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले.

तेव्हापासून एक पद्धत केलीय. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जिथे दुधाचा हिशोब लिहायचो तिथे आता ती स्वतः लिहिते: कुठे, दहापैकी किती, झोप लागली की नाही. मी दिवसभर विचारायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं दोघं मिळून बघतो. दोन आठवडे टिकलं किंवा आकडा चढत गेला की फोन, वर लिहिलेल्यातलं काही असेल तर त्याच क्षणी. डॉक्टरकडे जाताना ते पान फाडून नेतो, आणि खरं सांगतो, पाच मिनिटांच्या ओपीडीत त्या पानाइतकं उपयोगी काही नाही. मला स्वतःला झोप येईना तेव्हा १४४१६ ला, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिथल्या मुलीने अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं.

पुढचा सीटी सोळा तारखेला आहे, त्या चौकोनात तिने "उपाशी, ८ वाजता, जुनी फिल्म न्यायची" लिहून ठेवलंय. कालच्या चौकोनात दुखणं दोन. आणि खाली बारीक अक्षरात, झिणझिण्या गेल्या महिन्यापेक्षा दोन बोटं पुढे.