रिचमंड नेमके कोणते?

व्हर्जिनियाची राजधानी, लंडनचे थेम्सकाठचे उपनगर, सिडनीजवळचे गाव, असे कितीतरी रिचमंड नकाशावर सापडतात. ही सारी नावे एकाच गावावरून घेतली गेली असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हे नाव कधी सरदारी किताबामुळे, तर कधी नदीच्या वळणामुळे पसरले.

इंग्लंडमधील सर्वांत जुने रिचमंड यॉर्कशायरमध्ये आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ब्रिटनी प्रांतातील सरदार ॲलन रूफस याला उत्तरेत मोठी जहागीर मिळाली आणि १०७१ च्या सुमारास त्याने स्वेल नदीकाठच्या कड्यावर किल्ला बांधायला घेतला. रिचमंड हे नाव फ्रेंच वळणाचे असून त्याचा अर्थ भक्कम टेकडी असा होतो. पुढे या जहागिरीचा अर्ल हा किताब ट्यूडर घराण्याकडे गेला. १४८५ मध्ये बॉसवर्थची लढाई जिंकून राजा झालेल्या सातव्या हेन्रीचा राज्यारोहणापूर्वी या किताबावर दावा होता. १४९७ च्या नाताळात थेम्सकाठी असलेला शीनचा राजवाडा जळाला, तेव्हा तो नव्याने उभारून हेन्रीने त्याला आपल्या जुन्या किताबाचे नाव दिले आणि गावालाही तेच चिकटले. पहिली एलिझाबेथ १६०३ मध्ये याच वाड्यात निवर्तली. मूळ गाव यॉर्कशायरचे असले, तरी जगभर ओळखले गेले ते हे उसन्या नावाचे रिचमंडच.

व्हर्जिनियातील जमीनदार दुसरा विल्यम बर्ड याचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. जेम्स नदीचे टेकडीवरून दिसणारे वळण पाहून त्याला थेम्सवरील रिचमंड हिलचा देखावा आठवला, म्हणून १७३७ मध्ये आखलेल्या गावाला त्याने हे नाव दिले, असे सांगितले जाते. हेच शहर १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी होते. इंग्लंडमधल्या त्या देखाव्याला तर १९०२ मध्ये खास कायद्याने संरक्षण मिळाले. देखाव्यासाठी कायदा करणे तेव्हा दुर्मीळच होते.

देखाव्याचे हे स्पष्टीकरण सर्वत्र लागू पडत नाही. न्यूयॉर्कमधील रिचमंड काउंटीचे नाव दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस पुत्रावरून, म्हणजे रिचमंडच्या ड्यूकवरून, १६८३ मध्ये पडले. त्याच भूभागाच्या बरोचे, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या प्रशासकीय विभागाचे, अधिकृत नाव १९७५ मध्ये स्टेटन आयलंड झाले, काउंटी मात्र आजही रिचमंडच आहे.