कोविड-१९ : मराठवाड्यातील रोगपाळत व लसीकरण

करोना विषाणूजन्य साथीच्या काळात (२०२०–२२) मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत झालेली रोगाची देखरेख व लसीकरण. विभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १.८७ कोटी. आरोग्य खात्याच्या रचनेत मात्र हा प्रदेश सलग नाही. औरंगाबाद, जालना, परभणी व हिंगोली हे औरंगाबाद परिमंडळात, तर लातूर, उस्मानाबाद, बीड व नांदेड हे लातूर परिमंडळात मोडत (जिल्ह्यांची नावे तत्कालीन). ‘मराठवाड्याचा’ म्हणून येणारा आकडा बहुधा या दोन परिमंडळांची बेरीज असतो.

औरंगाबादेत पहिला रुग्ण १५ मार्च २०२० रोजी आढळला. त्याचा संबंध परदेश प्रवासाशी होता. नांदेडबाबत असा सरळ उलगडा होत नाही. टाळेबंदीत तेथील हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात सुमारे चार हजार शीख यात्रेकरू अडकले होते. एप्रिल २०२० च्या अखेरीस ते बसगाड्यांनी पंजाबात परतले आणि त्यांपैकी शेकडो जण तेथे बाधित आढळले. नांदेड शहरातील पहिल्या रुग्णाची नोंद तोवर जेमतेम आठवड्याभरापूर्वीची, २२ एप्रिलची होती. यात्रेकरूंची तपासणी करूनच त्यांना पाठविले, संसर्ग वाटेत किंवा वाहनचालकांकडून झाला असावा, असे महाराष्ट्राच्या बाजूने मांडण्यात आले. तपासणी ताप व लक्षणांपुरतीच होती, असा पंजाबच्या बाजूचा आक्षेप होता. मे महिन्याच्या आरंभी नांदेडच्या लंगरमधील सेवेकरीही बाधित निघाले. त्यामुळे संसर्ग नांदेडमध्येच लक्षणांवाचून फिरत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रवासातील संसर्गाची शक्यता त्याने पुसली जात नाही. रुग्णसंख्या मात्र पंजाबच्या खात्यावर गेली.

नोंदीबाहेरचा संसर्ग मोजण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये पहिले राष्ट्रीय सेरो सर्वेक्षण (रक्तातील प्रतिपिंडांवरून होऊन गेलेला संसर्ग ओळखणारी पाहणी) केले. देशातील ७० जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सहा होते व त्यांपैकी बीड, परभणी आणि नांदेड हे तीन मराठवाड्याचे. प्रत्येक जिल्ह्यात दहा ठिकाणांहून सुमारे ४०० प्रौढांचे रक्तनमुने घेतले गेले. प्रौढांतील प्रादुर्भावाचा राष्ट्रीय अंदाज ०.७३ टक्के निघाला. या दराने ४०० नमुन्यांत तिघेच प्रतिपिंडधारक सापडतात, म्हणून या पाहणीतून एकेका जिल्ह्याचा दर काढणे सयुक्तिक नाही. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीपर्यंत देशातील प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोचले होते. त्यात लसीकरणाचाही वाटा होता.

गावपातळीवर आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी पाहत. १५ सप्टेंबर २०२० पासूनची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम याच साखळीवर चालली.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात पात्र लोकसंख्येपैकी सुमारे ५५ टक्क्यांनी लस घेतल्याचे सांगण्यात आले. राज्याचे प्रमाण त्या वेळी ७४ टक्क्यांच्या आसपास होते. त्यावर जिल्हा प्रशासनाने पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस व रेशनसाठी किमान एका मात्रेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. हा उपाय कितपत न्याय्य, यावर तेव्हाच टीका झाली. टक्केवारीबाबतही सावधगिरी हवी. भाजक हा २०११ च्या जनगणनेवरून पुढे काढलेला अंदाज होता. भाज्य म्हणजे जिल्ह्यातील केंद्रांवर टोचलेल्या मात्रा. कोविन या लसीकरण-नोंदणीच्या संगणकीय प्रणालीत मात्रा केंद्राच्या जिल्ह्यात मोजली जाई, लाभार्थ्याच्या राहत्या गावात नव्हे. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. तेथील तळावर लस घेतलेला मजूर बीडच्या भाजकात राहतो, पण भाज्यात येत नाही. जिल्हावार क्रमवारी लावताना हा फरक सहसा धरला गेला नाही.

ऑक्टोबर २०२१ मधील राज्याची ‘मिशन कवचकुंडल’ व नोव्हेंबरपासूनची केंद्राची ‘हर घर दस्तक’ या मोहिमा येथेही झाल्या. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून, तर वर्धक मात्रा १० जानेवारीपासून देण्यात आली.