शाईतलं टोल्यूइन: धोका मोजला, पण कोणाच्या अंगावर?

रोटो, म्हणजे रोटोग्रॅव्ह्युअर छपाईच्या मशीनवर शाईचा पातळपणा सेकंदांत सांगतात. हेल्पर तळाला भोक असलेला धातूचा छोटा कप शाईत बुडवतो, वर उचलतो आणि स्टॉपवॉच दाबतो. धार तुटली की पुन्हा दाबतो. अठरा सेकंद हवे होते, बावीस आले, म्हणजे शाई घट्ट झाली. मग ड्रममधून मगभर सॉल्व्हेंट ओतायचं, ढवळायचं, पुन्हा कप बुडवायचा. पाळी संपेपर्यंत हे चालू असतं. वेफर्सच्या, मसाल्याच्या, शाम्पूच्या पाकिटांवरची चकचकीत चित्रं अशीच छापली जातात, आणि आपल्याकडच्या छापखान्यांत त्या ड्रमवर कित्येक वर्षं एकच नाव प्रामुख्याने असायचं: टोल्यूइन.

या शाईचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग सॉल्व्हेंटच असतो. सिलिंडरवर कोरलेल्या सुईच्या टोकाएवढ्या खळग्यांत शाई भरते, डॉक्टर ब्लेड नावाची पट्टी वरची जास्तीची निपटून काढते, फिल्मवर ठसा उमटतो, आणि पुढच्या रंगाखाली जाण्याआधी गरम हवेने तो सुकावा लागतो. म्हणजे टोल्यूइन शाईत घालायचं ते उडून जाण्यासाठीच. छापलेल्या चित्रात ते जवळजवळ उरत नाही. मग ते जातं कुठे? थोडं हेल्परच्या छातीत, बरंचसं धुराड्यातून बाहेर, आणि अगदी किंचित फिल्मला चिकटून पाकिटात. त्याचा धोका तपासायला शंभर वर्षांत अनेक जण बसले. माझ्या मते प्रत्येकाचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरलं: या तिघांपैकी कोणाला समोर ठेवून हिशोब मांडला.

नावाची कथा थोडक्यात. क्विनाइन वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी एक, पेल्तिए, यांनी फिलिप वॉल्टर यांच्यासोबत १८३७ मध्ये पाइनच्या राळेपासून निघालेल्या तेलातून हा द्रव मिळवला. पुढे तो कोलंबियातल्या तोलू गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुगंधी डिंकातूनही निघाला आणि त्याला तेच नाव चिकटलं. खरं महत्त्व आलं ते पहिल्या महायुद्धात, टीएनटी या स्फोटकासाठी. दगडी कोळशापासून कोक करताना टोल्यूइन आणि बेंझीन दोन्ही निघतात. युद्ध संपलं, टोल्यूइनची भूक ओसरली, आणि स्वस्त बेंझीनचं काय करायचं हा प्रश्न उरला. रबर, चामडं, रंग, शाई अशा सगळीकडे ते सॉल्व्हेंट म्हणून शिरलं.

रोटोला तर ते हवंच होतं. कारेल क्लीच यांनी १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये हे तंत्र धंद्यात उतरवलं होतं. १९१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने रविवारची रोटोग्रॅव्ह्युअर पुरवणी सुरू केली, आणि गुळगुळीत चित्रांच्या पानांची चटक वाचकांना लागली. मशीन वेगाने पळवायचं तर शाई झटक्यात सुकायला हवी, आणि बेंझीन झटक्यात उडतं.

ते रक्त बिघडवतं हे तेव्हा अज्ञात नव्हतं. स्वीडनच्या सांतेसोन यांनी १८९७ मध्येच सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या मुलींचे मृत्यू नोंदवले होते. कामगारांच्या आजारांचा अमेरिकेत पाया घालणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९२२ मध्ये वाढत्या बेंझीन-विषबाधेबद्दल इशारा दिला. १९२६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलच्या समितीने, जमेल तिथे बेंझीन काढून कमी विषारी सॉल्व्हेंट वापरावीत, असं सुचवलं. छापखाने ढिम्म हलले नाहीत. १९३९ मध्ये लेनर्ड ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क शहरातल्या रोटो छापखान्यांची तपासणी प्रसिद्ध केली: ३३२ कामगारांपैकी १३० जणांमध्ये बेंझीन-विषबाधेची कमीअधिक चिन्हं. हाडांतला मगज थकला की लाल पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका सगळंच घटतं. माणूस फिका पडतो, हिरड्यांतून रक्त येतं. मिलानमध्येही रोटोवरचे असे कामगार एन्रिको विग्लियानी यांच्याकडे वर्षानुवर्षं येत राहिले, आणि त्यातल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. इटलीने कायद्याने बेंझीनला लगाम घातला तो १९६३ मध्ये.

बेंझीनच्या जागी आलं टोल्यूइन. आज ज्याच्या नावाने बोटं मोडतो तेच तेव्हा सुटका म्हणून आलं होतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि ती सुटका खोटी नव्हती. दोन्ही रेणूंत सहा कार्बन अणूंचं एक कडं असतं. फरक इतकाच, की टोल्यूइनच्या कड्याला एक मिथाइल गट, म्हणजे आणखी एका कार्बनचा तुकडा, लटकलेला आहे. यकृताला तो मुठीसारखा सापडतो. कड्याला हात न लावता त्या मुठीवरच काम होतं, बेंझॉइक आम्ल बनतं, त्याला ग्लायसीन हे अमिनो आम्ल जोडलं जातं आणि हिप्प्युरिक आम्ल होऊन बहुतेक लघवीवाटे निघून जातं. बेंझीनला ही मूठ नाही. तिथे शरीराला कडंच फोडावं लागतं, आणि त्यातून निघणारे तुकडे मगजाला मारतात.

यातून तपासणीची सोपी वाट मिळाली: पाळी संपल्यावर लघवीतलं हिप्प्युरिक आम्ल मोजा, कामगाराने किती वाफ ओढली ते कळेल. पण सोडियम बेंझोएट हे लोणच्यात, सरबतात, कोल्ड्रिंकमध्ये पडणारं परिरक्षक शरीरात त्याच वाटेने जातं. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत सरबत प्यायलेला आणि दिवसभर शाईच्या तसराळ्यावर वाकलेला, दोघांचे आकडे जवळपास येऊ शकतात. त्यामुळे पुढे लघवीतलं ऑर्थो-क्रेसॉल (शरीरात टोल्यूइनपासून थोडं बनणारं दुसरं रसायन) आणि रक्तातलं टोल्यूइन यांवर भर आला.

बेंझीनपेक्षा सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे कळायला वेळ लागला. टोल्यूइन मेंदूवर चढतं. डोकं जड होतं, गरगरतं, थोडी झिंग येते. रेल्वे स्टेशनांच्या आसपास फडक्यात ‘सोल्युशन’ घेऊन हुंगणारी मुलं मुंबईकरांनी पाहिली आहेत, आणि अशा चिकटद्रवांत व थिनरमध्ये बऱ्याचदा हेच असतं. त्या मुलांच्या फुफ्फुसांत जाणारं प्रमाण छापखान्यातल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त, पण वाफ तीच.

छापखान्यासाठी सुरक्षित आकडा किती? अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संघटनेने तो आठ तासांच्या सरासरीने २०० पीपीएमपासून (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग वाफ) सुरू केला, मग १०० वर आणला, १९९०च्या दशकात ५० वर, आणि २००७ मध्ये २० वर. टोल्यूइन तेच राहिलं, कसोटी बदलत गेली. आधी बघायचे ते झिंग येते का, माणूस पडतो का. मग रंग ओळखण्याची नजर, स्मरणशक्ती, कान अशी तपासणी सुरू झाली. ब्राझीलमधल्या रोटो कामगारांच्या १९९७ च्या अभ्यासात बहिरेपणाचा संबंध टोल्यूइनशी दिसला. तोपर्यंत छापखान्यातला बहिरेपणा म्हणजे मशीनचा आवाज, असंच धरून चालायचे. सिंगापूरमध्ये १९९२ च्या अभ्यासात ध्वनिवर्धकांच्या कारखान्यात सरासरी ८८ पीपीएममध्ये काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपात जास्त आढळले. तोवरचे बहुतेक आकडे पुरुषांच्या अंगावरून घेतलेले होते, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. दुसरीकडे जर्मनीच्या रोटो छापखान्यांत कामगारांची काही वर्षं वारंवार चाचणी झाली आणि ५० पीपीएमच्या खाली स्मरणशक्ती-एकाग्रतेवर परिणाम दिसला नाही. त्यामुळे वाद मिटला नाही. युरोपात मर्यादा ५० आहे, अमेरिकेच्या सरकारी नियमात अजून २००. भारताच्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत १०० लिहिले गेले.

कर्करोगाबाबत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टोल्यूइनला ‘गट ३’ मध्ये ठेवलं आहे, म्हणजे ‘वर्गीकरण करता येत नाही’. विक्रेते हा गट अभिमानाने दाखवतात. १९९९ च्या ज्या खंडात टोल्यूइनला हा गट मिळाला, त्याच खंडात १,२-डायक्लोरोप्रोपेन या दुसऱ्या सॉल्व्हेंटलाही तोच मिळाला होता. पुढे २०१२ मध्ये ओसाकातल्या एका ऑफसेट छापखान्याची बातमी फुटली: रोलरवरची शाई पुसण्यासाठी तो द्रव वापरणाऱ्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग, जो एरवी म्हातारपणी आणि क्वचित होतो. २०१४ मध्ये तो द्रव ‘गट ३’ मधून थेट ‘गट १’ मध्ये गेला, मानवात निश्चित कर्करोगकारक. टोल्यूइनचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. ते कितीतरी जास्त अभ्यासलं गेलं आहे. गट ३ चा अर्थ तेवढा नीट वाचायला हवा.

युरोपीय संघाने टोल्यूइनचं सविस्तर धोका-मूल्यमापन डेन्मार्ककडे सोपवलं आणि २००३ मध्ये अहवाल आला. पर्यावरणाच्या बाजूने टोल्यूइन तसं सोसण्यासारखं: माशांच्या अंगात फारसं साठत नाही, जिवाणू ते खाऊन टाकतात, हवेत काही दिवसांत मोडतं. गोम त्या मोडण्यातच आहे. सूर्यप्रकाशात नायट्रोजन ऑक्साइडसोबत मोडताना जमिनीलगतचा ओझोन आणि धुरकं तयार होतं. अहवालाने ते नोंदवलं. माणसाच्या बाजूने त्याचा परिणाम असा झाला, की सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या चिकटद्रवांत आणि फवाऱ्याच्या रंगांत टोल्यूइन ०.१ टक्क्याहून जास्त नको, असा नियम २००७ पासून लागू झाला. छापखान्यांवर बंदी आली नाही.

त्याचं कारण छापखान्यातल्या यंत्रणेत आहे. मासिकं छापणारे जर्मन रोटो कारखाने शाईत मिश्रण न वापरता फक्त टोल्यूइन वापरत. सुकवणीतली हवा सक्रिय कोळशाच्या थरांतून नेतात, टोल्यूइन कोळशाला चिकटतं, मग वाफ सोडून ते सुटं करतात. थंड केल्यावर पाणी खाली, टोल्यूइन वर तरंगतं. वरचं काढून पुन्हा शाईवाल्याला विकायचं. एकच द्रव असल्यामुळे ही चैन. पाकिटांच्या छपाईत टोल्यूइन, इथाइल ॲसिटेट, एमईके, आयपीए अशा सॉल्व्हेंटांची खिचडी असते, ती वेगळी काढणं महाग, म्हणून बंदिस्त भट्टीत जाळतात. किंवा जाळतही नाहीत, छतावरच्या पंख्याने बाहेर सोडतात. म्हणजे पर्यावरणाच्या हिशोबात कधी कधी ‘वाईट’ द्रव चांगल्या यंत्रणेत बसून चांगला ठरतो.

खाणारा माणूस या हिशोबात उशिरा आला. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत लहान मुलांच्या दुधाचे कार्टन जप्त झाले, सुमारे ३ कोटी लिटर. त्यात अतिनील किरणांनी सुकणाऱ्या शाईतलं आयटीएक्स हे रसायन सापडलं होतं. शाई कार्टनच्या बाहेरच्या बाजूला होती. पण छापलेला कागद गुंडाळून ठेवला की बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते, आणि ठसा नाही तरी रसायन पलीकडे जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने धोका संभवत नाही, पण हे असणं नको, असा निर्वाळा दिला. त्यानंतर शाईत काय चालेल याच्या याद्या बनू लागल्या.

आपल्याकडे हा विषय फरसाणाच्या वाटेने आला म्हणायला हरकत नाही. पाकीट फोडल्याबरोबर शेवेच्या आधी थिनरचा वास यावा, हा अनुभव अनेकांना असेल. शाई दोन फिल्मच्या मध्ये असते, पण सुकवणी कमी पडली किंवा मशीन फार पळवलं, तर उरलेलं सॉल्व्हेंट आतल्या पातळ फिल्ममधून झिरपतं, आणि तळणीतलं तेल ते पकडून ठेवतं. छापखान्यात यासाठी फिल्मचा तुकडा कापून बाटलीत बंद करतात, गरम करतात, आणि झाकण उघडून नाक लावतात. मोठ्या कारखान्यांत नाकाऐवजी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र असतं आणि उत्तर चौरस मीटरमागे मिलिग्रॅममध्ये मिळतं.

अन्नपाकिटांच्या शाईसाठी भारतीय मानक आयएस १५४९५ हे २००४ मध्ये आलं. त्यात वापरू नयेत अशा पदार्थांची यादी होती, पण टोल्यूइन त्यात नव्हतं. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी, जे १ जुलै २०१९ पासून लागू झाले, हे मानक अन्नपाकिटांना बंधनकारक केलं आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली. २०२० च्या सुधारित मानकात टोल्यूइन निषिद्ध यादीत गेलं. शाईवाल्यांना रेझिनच, म्हणजे रंग फिल्मवर धरून ठेवणारा घटकच, बदलावं लागलं: टोल्यूइनमध्ये विरघळणाऱ्या जुन्या रेझिनांच्या जागी इथाइल ॲसिटेटमध्ये चालणारी पॉलियुरेथेनची शाई.

वडापावचा कागद आणि हे प्रकरण लोक हमखास एकत्र करतात. वर्तमानपत्राच्या शाईत टोल्यूइन नसतं. ती खनिज तेलात कालवलेली काजळी, कागदात जिरते पण पुरती सुकत नाही, म्हणून बोटं काळी होतात. गरम वड्याच्या तेलाने ती सुटते. तिचे दोष वेगळे, कारणं वेगळी. मनाईचा नियम मात्र योग्यच.

२०२० चं मानक अन्नाच्या पाकिटांपुरतं आहे. ज्या रोटोवर सकाळी बिस्किटांचं वेष्टन छापलं, त्यावरच दुपारी साबणाचं लागू शकतं, आणि त्या शाईत काय असावं याबद्दल हे मानक काही बोलत नाही. काम संपलं की सिलिंडर धुवायचा असतो. त्यासाठी हेल्पर चिंध्यांचा बोळा घेतो, ड्रममधून मगभर काढतो आणि बहुधा हातमोजे न घालताच पुसायला लागतो.