गोट, ओके, ओएमजी... हे इंग्रजी शब्द आले कुठून

लातूरच्या ट्यूशन एरियात चहाच्या गाड्यावर जरा वेळ थांबा, कोणतरी म्हणतंयच, "ब्रो, फिजिक्सचे सर म्हणजे गोट हायत!" आणि गावाकडून भेटायला आलेले वडील चमकून बघतात, कारण उस्मानाबादी शेळीच्या मुलखात सरांना शेळी म्हणायचं म्हणजे अतीच झालं. तर हा गोट म्हणजे 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं. बॉक्सर मोहम्मद अली स्वतःला 'द ग्रेटेस्ट' म्हणवून घ्यायचा, १९९२ ला त्याच्या बायकोने म्हणजे लॉनी अलीने त्याच्या कामधंद्यासाठी कंपनी काढली तिचं नाव हेच ठेवलं, मग २००० मध्ये एलएल कूल जे या रॅपरने अल्बमला हेच नाव दिलं आणि आता धोनी का कोहली या भांडणात आपली पोरं रोज वापरतात.

आद्याक्षरांचं हे खूळ लई जुनं आहे. ओके घ्या. त्याच्यावर व्हॉट्सॲपवर कायकाय थापा फिरतात, खरी गोष्ट त्याच्यापेक्षा भारी आहे. १८३० च्या दशकात बॉस्टनच्या पेपरवाल्यांना एक टाइमपास सापडला होता, स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि वरून त्याचा शॉर्टफॉर्म करायचा. 'ऑल करेक्ट'ची अक्षरं ए आणि सी व्हायला पाहिजेत ना, यांनी ओ आणि के केली, आणि २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ते छापून आलं. 'ऑल राइट'चं ओडब्ल्यू पण केलेलं, ते कधीच मेलं. ओके वाचलं ते राजकारणामुळे, १८४० ला राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन परत उभे होते, त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून ते 'ओल्ड किंडरहूक', कार्यकर्त्यांनी लगेच ओके क्लब काढले. साहेब पडले, पण प्रचारात शब्द सगळीकडे पोचला आणि पुढं तारवाल्यांनी तो उचलला. हे सगळं जुने पेपर चाळून शोधून काढलं ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकाने, ते पण १९६० च्या दशकात!

ओएमजी म्हटलं की कॉलेजच्या पोरी आठवतात, पण १९१७ ला चर्चिलला लिहिलेल्या पत्रात ते वापरलंय ७६ वर्षांच्या ॲडमिरल फिशरने, कंसात 'ओ माय गॉड' असा खुलासा करून.

बाकी 'कूल' जॅझ वाजवणाऱ्या काळ्या कलाकारांकडून पसरलं, 'शेड' (म्हणजे आडून मारलेला टोमणा) न्यूयॉर्कच्या बॉलरूममधल्या, म्हणजे नाच-फॅशनच्या स्पर्धा भरवणाऱ्या, काळ्या आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स लोकांकडून. ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांची बोली आता ब्रँडवाले जाहिरातीत वापरतात, त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही, हे मला खटकतंच.

आपल्याकडं हे सगळं उशिरा आलं त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य, कचेरीत उर्दू, शाळेत उर्दू, १९१८ ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. त्यामुळं आजोबांच्या बोलण्यात उसने शब्द यायचे ते उर्दूचे, इंग्रजी राहिली लांब. आता मात्र मधे काही अडत नाही. 'करिस्मा' (समोरच्याला भुरळ घालायची ताकद) या इंग्रजी शब्दाचं मधलंच तोडून 'रिझ' झालं, काई सेनाट या स्ट्रीमरने ते गाजवलं, २०२३ ला ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, आणि इकडं औशाचं पोरगं दोस्ताला म्हणतंय, "तुला काय रिझ हाय का बे, गप नीटचा पेपर सोडव."