आवळायचं की सैल सोडायचं? ओटीपोटाच्या दुखण्यावरच्या फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. त्यांचा विषय निघाला की बहुतेकींना केगेल व्यायाम आठवतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले, ते बाळंतपणानंतर खोकता-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांसाठी. योनीत ठेवायचा रबरी फुगा आणि त्याला नळीने जोडलेली दाबमापक तबकडी असं साधनही त्यांनी बनवलं. स्नायू नीट आवळला की काटा चढे आणि जोर योग्य जागी लागतोय हे बाईला स्वतःला दिसे. ढिल्या स्नायूंसाठी हे उत्तमच होतं.

दुखण्यावरच्या उपचाराची वाट मात्र वेगळी आहे, आणि केगेलच्याही आधीची. जॉर्ज थीले हे गुदविकारांचे डॉक्टर. माकडहाडाच्या दुखण्यावर त्यांनी १९३७ मध्ये लिहिलं, की दोष बहुधा हाडात नसतो, हाडाला धरून असलेले स्नायू आखडलेले असतात. गुदद्वारातून बोट घालून ते या स्नायूंना तंतूंच्या दिशेने हलकेच चोळत. आजही या मालिशला त्यांचंच नाव आहे. पुढे जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूतली एखादी गाठ दाबली की कळ दुसरीकडे कशी उमटते, याचे नकाशेच तयार केले. (राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर त्या याच.)

१९७७ मध्ये एलिझाबेथ नोबल यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेत स्त्री-आरोग्याचा स्वतंत्र विभाग निघाला. तरीही ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढं ऐकून घरी परतणाऱ्या बायका कमी झाल्या नाहीत. आखडलेला स्नायू सोनोग्राफीत सहसा कळत नाही. जाणत्या बोटाला तो कळतो, पण ते बोट तिथवर पोचायला हवं ना!

२०१२ मध्ये मूत्राशयाच्या दुखण्याने त्रस्त अशा ८१ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्नायू हाताने सैल करण्याच्या उपचाराने ५९ टक्के जणींनी चांगली सुधारणा सांगितली. नुसत्या अंगभर मालिशने २६ टक्के जणींनी. वेदनेचे आकडे दोन्हीकडे उतरले, त्यात मोठा फरक नव्हता, हेही सांगायला हवं.

त्याआधी, २०११ मध्येच, अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. तपासताना हे स्नायू दुखरे लागले तर हाताने करायची फिजिओथेरपी द्यावी आणि केगेलसारखे आवळण्याचे व्यायाम टाळावेत, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं.