स्क्वेअरबिल की लिपलेस: खोली सारखी, काम वेगळं

टेक्सासमधल्या सॅम रेबर्न तलावात लार्जमाउथ बास हा मासा गरवायचा म्हटलं की उथळ पाण्यातल्या क्रँकबेटचं, म्हणजे ओढलं की माशासारखं हलणाऱ्या नकली आमिषाचं, नाव हमखास निघतं. पण या एकाच नावाखाली दोन वेगळी आमिषं विकली जातात, तोंडाशी चौकोनी पट्टी असलेलं स्क्वेअरबिल आणि बिनपट्टीचं लिपलेस. दोन्ही बोटभर लांब, दोन्हींच्या पोटाखाली तीन टोकांच्या गऱ्या, आणि दोन्ही तीन ते पाच फूट पाण्यात छान चालतात. त्यामुळे नवखा माणूस खोलीचा आकडा बघतो आणि हाताला येईल ते उचलतो. माझं स्पष्ट मत आहे, की बघायचं ते वेगळंच: दोर गुंडाळणारं रीळ फिरवणं थांबवलं की काय होतं? स्क्वेअरबिल वर येतं, लिपलेस बुडतं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

रेबर्नचा तळ बघा. अँजेलिना नदीवर धरण बांधून १९६५च्या सुमारास हा तलाव तयार झाला, पसारा सुमारे १ लाख १४ हजार एकर. पाण्याखाली गेलेल्या झाडांचे बुंधे तळाशी आहेत, आणि जोडीला हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीचे दाट पट्टे.

बुंध्यांसाठी स्क्वेअरबिल. टेनेसीच्या फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडात कोरलेलं 'बिग ओ' हा या घराण्याचा मूळपुरुष. तोंडाशी असलेली चौकोनी पट्टी सगळ्यात आधी लाकडावर आपटते. तोंड खाली, शेपूट वर असं चालत असल्यामुळे गऱ्या पट्टीच्या आडोशाला राहतात, आणि आमिष अडकण्याऐवजी बाजूला उसळी घेतं. नेमकं तेव्हाच रीळ क्षणभर थांबवावं. ते हळूच मागे सरकत वर येतं, आणि बुंध्याआड दबा धरलेला बास झडप घालतो. म्हणून मुद्दाम आपटवायचं. मोकळ्या पाण्यातून नुसतं ओढत आणण्यात अर्थ नाही. हेच आमिष हायड्रिलात घातलं, तर पट्टीत गवत गुंतून त्याची डुगडुग बंद पडते.

गवतासाठी लिपलेस. 'रॅट-एल-ट्रॅप' हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. पट्टी नाही, दोर पाठीवरच्या कडीला बांधायचा, पोटात खुळखुळणाऱ्या गोळ्या. खोली तुम्ही ठरवायची: जास्त बुडू दिलं की खोल, काठी उंच धरून भरभर ओढलं की उथळ. गवताच्या शेंड्यांना जेमतेम घासत आणावं. अडकलं की मनगटाचा एक झटका द्यावा. पातं तुटतं, आमिष सुटतं आणि थरथरत खाली पडतं. बरेचसे मासे याच घडीला लागतात. लाकडात मात्र ते नेऊ नये, गऱ्यांना आडोसाच नसल्याने पहिल्याच बुंध्याला रुतून बसतं.

लिपलेसची एक खोड लक्षात ठेवा. ते जड असतं, त्यामुळे बास उडी मारून डोकं झटकतो तेव्हा त्याच वजनाच्या जोरावर गरी निसटते. मासा लागला की काठीचं टोक खाली ठेवा आणि दोर सैल पडू देऊ नका.

ऋतूचंही गणित आहे. फेब्रुवारीत, पाणी थंड असताना, अंडी घालण्याआधीचा बास गवताच्या कडेला येतो. तेव्हा बारीक थरथरणारं लाल रंगाचं लिपलेस मी आधी बांधेन. ऑक्टोबरात शॅड माशांचे थवे ओढ्यांच्या आत शिरतात आणि बास त्यांच्यामागे येतो. तिथे बुंधे दिसले, की शॅडच्या रंगाचं स्क्वेअरबिल.