वेरूळचे जुने फोटो तपकिरीच जन्मले

कैलास लेण्याचा नाहीतर दौलताबादच्या किल्ल्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो मोबाइलवर फिरू लागला की खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘मूळ फोटो काळापांढरा होता, जुना होऊन तपकिरी पडला.’ हे खरं नाही.

त्या काळी फोटो बहुतेक अल्ब्युमेन कागदावर छापत. ही पद्धत फ्रान्सच्या ब्लांकार-एव्रार यांनी 1850 मध्ये मांडली. अंड्याचा पांढरा बलक मीठ घालून फेटायचा, निवळला की पातळ कागदावर त्याचा थर द्यायचा. वाळल्यावर तो कागद सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या पाण्यावर तरंगवायचा. मग काचेची निगेटिव्ह वर दाबून चौकट थेट उन्हात! चित्र डोळ्यांदेखत उमटायचं, आणि ते तांबूस तपकिरीच असायचं, कारण उन्हाने तयार होणारे चांदीचे कण अतिशय बारीक असतात. पुढे सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवलं की त्यावर जांभळट झाक यायची. म्हणजे तो रंग पहिल्या दिवसापासूनचा आणि मुद्दाम साधलेला.

वयाचा परिणाम होतो, पण वेगळा. पांढरा भाग पिवळा पडतो आणि उजळ जागांमधले बारकावे आधी पुसले जातात. खांबाची सावली ठळक, पण उन्हातलं नक्षीकाम सपाट दिसतं ते बऱ्याचदा यामुळेच.

रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात, छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरुळात काढलेले फोटो याच काळातले आहेत. म्हणून कळकळीने सांगतो, घरातला असा फोटो स्कॅन करताना ॲपने काळापांढरा करू नका.